ताटाच्या कडेला

प्रिय मनू,

शनिवारी पोहे खाताना तू विचारलंस, "बाबा, कढीपत्ता एवढा हेल्दी आहे, तर तुम्ही सगळे तो ताटाच्या कडेला का काढता?" आई हसली. मला जरा लागलं. नुकतंच मी तुला लोह, कॅल्शियम वगैरे ऐकवून झालो होतो आणि माझ्याच ताटाच्या कडेला पानांची रांग लागली होती.

मिरजेच्या घरी आम्हाला कुणी कॅल्शियम सांगितलं नाही. माईआजी म्हणायची, "खा, डोळे चांगले राहतात," आणि स्वतः जाड भिंगाच्या चष्म्यातून तांदूळ निवडायची. केसांचंही तेच. पानं काळी पडेपर्यंत खोबरेल तेलात उकळायची आणि ते तेल आमच्या डोक्यावर थापायची. बापूकाकाचं टक्कल तू पाहिलंच आहेस.

झाड मोरीमागे होतं, सांडपाण्यावर माजलेलं. बुलबुल त्याची काळी फळं खायचे, मग कुंपणाच्या कडेने नवी रोपं उगवायची. अख्खी गल्ली काड्या मागायला यायची. मंडईतही तो विकत कोण घेणार? कोथिंबिरीवर फुकट मिळायचा. दिवेलागणीनंतर मात्र तोडायचा नाही, झाड झोपतं म्हणे. तरी आयत्या वेळी कढी ठरली की माई मलाच पाठवायची, "आधी हात लाव, उठव, मग तोड." मी उठवायचो. आजही उठवेन बहुतेक, हसू नकोस.

तर गुणांचं. 100 ग्रॅम पानांत दुधाच्या कितीतरी पट कॅल्शियम असतं, हे खरं. पण फोडणीतल्या आठ-दहा पानांचं वजन ग्रॅमभर भरलं तर भरलं. शिवाय त्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी नीट लागतही नाही. रक्तातल्या साखरेवरचे प्रयोग बरेचसे उंदरांवर झालेत, त्यामुळे आत्याने गोळी सोडून पानं चघळू नयेत. डोळ्यांबाबत माई अगदीच चुकीची नव्हती: पानांतलं बीटा कॅरोटीन तेलाबरोबर चांगलं शोषलं जातं. अर्थात पान गिळलं तर. वास तेवढा तेलात उतरतो, आणि कडेला काढणाऱ्यालाही तो मिळतोच. ही पळवाट आहे, मला कळतं.

इथे कॅलिफोर्नियात याच पानाचं केवढं प्रस्थ! ते लिंबाच्या कुळातलं. त्यावर येणारी बारीकशी कीड संत्र्या-लिंबांच्या बागा उद्ध्वस्त करणारा रोग पसरवते, म्हणून भारतातून ताजी पानं आणायला बंदी आहे. आत्याची पुडी विमानतळावर काढून घेतली तेव्हा ती चिडली होती, पण संत्र्यांच्या बागावाल्यांचंही बरोबरच आहे. इथे 2008 पासून ती कीड सापडतेय. म्हणून आपली खिडकीतली कुंडी मी जपतो. तुला वाटतं, बाबांचं खूळ. असेलही.

तू पानं खाच असा आग्रह नाही. माझ्याच्याने तरी कुठे सगळी खाल्ली जातात? पण रविवारी मी चटणी करणार आहे: पानं तेलावर कुरकुरीत परतून, तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट. त्यात पान वेगळं काढता येत नाही. डाव आहे, आधीच सांगतो. नको वाटली तर नुसतं दही घे.

तुझा,
बाबा