पाकप्रश्न : तिखटाच्या पातेल्यात चॉकलेट

या अंकातले बहुतेक प्रश्न एकाच पदार्थाभोवती फिरताहेत : डार्क चॉकलेट, तेही केकमध्ये नव्हे तर रश्शात. अमेरिकेतली चिली (मिरची घालून शिजवलेला मांसाचा दाट रस्सा), मेक्सिकोचं मोले (सुक्या मिरच्यांच्या वाटणाचा रस्सा) आणि आपला काळा मसाला असं सगळं त्यात आलंय. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न : मुलगा डॅलसला असतो. त्याच्याकडे खाल्लेल्या चिलीत डार्क चॉकलेट होतं म्हणे, पण चॉकलेटची चव अजिबात लागली नाही. मग ते घालून उपयोग काय? आणि घालायचं तर किती?
– एक वाचक, पुणे

चव लागली नाही, म्हणजे प्रमाण बरोबर होतं. या पदार्थात चॉकलेट गोडाकरता घालतच नाहीत. कोकोच्या बिया आंबवून, वाळवून, भाजलेल्या असतात. त्यांचा खरपूस वास आणि कडवटपणा रश्शाला हवा असतो. टोमॅटोचा उघडा आंबटपणा त्यामुळे जरा मागे सरकतो, मिरचीचा जाळ गोलसर लागतो आणि कोकोतल्या पिठूळ अंशामुळे रस्सा किंचित दाट होतो.

प्रमाण तयार रश्शावर ठरवा, मांसावर नव्हे. एक लिटर तयार चिलीला 70 टक्के कोकोचं चॉकलेट 10 ते 15 ग्रॅम. 85 टक्क्यांचं असेल तर 8 ते 10 ग्रॅम. पहिल्यांदा करताना निम्मंच घाला, दहा मिनिटं थांबा, चाखा, मग उरलेलं. एका लिटरला 25 ग्रॅमच्या पुढे गेलात की जीभ कोरडी पडते, आणि तो तुरटपणा साखर घालून जात नाही.

70 टक्क्यांच्या चॉकलेटमध्ये उरलेला भाग जवळजवळ सगळा साखरेचा असतो. 15 ग्रॅम घातलं की चार-साडेचार ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा साखर आपोआप पडली. तेव्हा कृतीत वेगळी साखर किंवा गूळ लिहिला असेल तर तो आधी घालू नका. मीठही चॉकलेट विरघळल्यावरच शेवटचं ठरवा, कारण मीठ कडवटपणा दाबतं. पुष्कळदा ‘चॉकलेट जास्त झालं’ असं वाटतं तिथे चिमूटभर मीठच कमी असतं.

टेक्ससमधल्या जुन्या वळणाच्या माणसांसमोर मात्र हा विषय जपून काढावा. चिली हा 1977 पासून त्या राज्याचा अधिकृत पदार्थ आहे, आणि तिथल्या कट्टर मंडळींना त्यात राजमासुद्धा खपत नाही. टेरलिंग्वा गावात 1967 साली सुरू झालेल्या चिली-स्पर्धेच्या परंपरेत शेंगवर्गीय दाण्यांना आजही मज्जाव आहे. चॉकलेट ही घराघरांतली, ज्याची त्याची युक्ती.

प्रश्न : अमेरिकन कृतीत ‘तीन मोठे चमचे चिली पावडर’ लिहिलं होतं. तेवढं लाल तिखट घातलं तर पदार्थ तोंडात धरवेना. वरून चॉकलेट वाढवलं, तरी फरक नाही. काय चुकलं?
– एक वाचक, नागपूर

तिखट चुकलं. अमेरिकेत त्या नावाने बाटलीत मिळतो तो तयार मसाला असतो : सौम्य मिरची, जिरं, ओरेगॅनो, लसूण पूड, कधी मीठही. आपलं लवंगीचं किंवा साधं गावरान तिखट तीन मोठे चमचे घातलं तर दुसरं काय होणार?

घरी असा करा : ब्याडगी किंवा काश्मिरी मिरचीची पूड 2 मोठे चमचे, भाजलेल्या जिऱ्याची पूड चहाचे 2 चमचे, लसूण पूड 1 चमचा, ओरेगॅनो अर्धा चमचा. पिझ्झाबरोबर येणारा ओरेगॅनो चालतो, पण तो मेक्सिकन जातीचा नसतो, म्हणून हात आखडता ठेवायचा. मूळ कृतीत अँचो ही मेक्सिकोची सुकी मिरची असेल, तर तिला मनुक्यासारखा एक गोडसर वास असतो. तो ब्याडगीत नाही. सहा ब्याडगी मिरच्या मंद आचेवर तव्यावर फिरवून, गरम पाण्यात वीस मिनिटं भिजवून, तीन-चार काळ्या मनुकांसकट वाटल्या की बरंच जवळ जाता येतं. मिरची तव्यावर काळी पडली तर ती टाकून द्या. तिचा कडूपणा आणि चॉकलेटचा कडूपणा एकत्र आले की पातेलं वाचत नाही.

पदार्थ जास्त तिखट झाला तर चॉकलेटने तो सुधारत नाही. त्याला आकारमान वाढवणं हाच उपाय : बिनमसाल्याचा शिजवलेला राजमा, अजून टोमॅटो, थोडं पाणी, पुन्हा वीस मिनिटं शिजवणं. वाढताना वर घट्ट दही किंवा चक्का.

प्रश्न : फोडणीत कांदा परतून मसाल्याबरोबरच चॉकलेट टाकलं. गोळे झाले, तळाला लागलं. शिवाय जेवताना टाळूला मेणासारखं काहीतरी चिकटत होतं.
– एक वाचक, ठाणे

यात दोन वेगवेगळ्या गोष्टी झाल्या आहेत.

पहिली वेळेची. चॉकलेटमधली साखर आणि कोकोचे बारीक कण गरम तेलात, उघड्या तळावर पटकन जळतात. त्यात कांद्याचं थोडंसंच पाणी मिळालं की चॉकलेट घट्ट होऊन त्याचा गोळा होतो. भरपूर पातळ रस्सा असेल तर हा प्रश्नच येत नाही. म्हणून चॉकलेट नेहमी शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत, आच अगदी मंद करून. ते सुरीने बारीक चिरा, वाटीत घ्या, त्यावर एक डाव गरम रस्सा ओता, अर्धा मिनिट हलवू नका, मग चमच्याने एकजीव करा आणि पातेल्यात परत घाला. त्यानंतर तळापासून ढवळत राहा आणि मोठी उकळी आणू नका. लागलंच, तर तळ खरवडू नका. वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात काढा. खरवडलं की जळका वास सगळीकडे पसरतो.

दुसरी गोष्ट वस्तूची. टाळूला मेणासारखं लागलं, त्यावरून तुम्ही वापरलं ते बहुधा ‘डार्क कंपाउंड’ असावं. केकच्या सामानाच्या दुकानात अर्ध्या किलोच्या लादीत मिळतं ते. त्यात कोको बटरऐवजी वनस्पती तेलाची घट्ट चरबी असते. कोको बटर साधारण 34 अंशांना, म्हणजे तोंडातच वितळतं. कंपाउंडमधली चरबी बऱ्याचदा त्याहून जास्त तापमानाला वितळते, म्हणून ती टाळूवर बसते. केकवर ओतायला ते सोयीचं, रश्शाला कुचकामाचं. वेष्टनावरची घटकांची यादी वाचा. कोको मास किंवा कोको सॉलिड्स आणि कोको बटर आधी हवेत. साखर आणि व्हेजिटेबल फॅट आधी आलं तर ती लादी केकसाठी ठेवा. संत्रं, पुदिना, समुद्री मीठ असल्या स्वादांची चॉकलेटंही इथे नकोत.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. राजम्याची चिली चॉकलेट घालून जमते का? नीट प्रमाण द्यावं.
– एक वाचक, सांगली

जमते. किंबहुना इथेच चॉकलेटचा उपयोग जास्त होतो. मांस परतून येणारा खमंगपणा आणि दाटपणा राजम्यात नसतो, ती उणीव थोडी भरून निघते.

चार-पाच जणांना : राजमा 250 ग्रॅम, रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्या. नव्या पाण्यात, अर्धा चमचा मीठ घालून कुकरमध्ये मोठ्या आचेवर एक शिटी, मग मंद आचेवर वीस मिनिटं. दाणा दोन बोटांत सहज चिरडला पाहिजे. राजमा अर्धाकच्चा असेल तर पोट बिघडवतो. मंद आचेच्या इलेक्ट्रिक भांड्यात तो कच्चा टाकून दिवसभर ठेवणं म्हणूनच धोक्याचं : त्यातलं विषारी द्रव्य मोडायला खळखळती उकळीच लागते. टोमॅटोही राजमा शिजल्यावरच. आंबटात दाण्याचं साल मऊ होत नाही.

जाड बुडाच्या पातेल्यात 3 मोठे चमचे तेल, त्यात 250 ग्रॅम कांदा अगदी बारीक चिरून. हा कांदा नुसता पारदर्शक करून चालणार नाही. मध्यम आचेवर बारा-पंधरा मिनिटं, बदामी व्हायला हवा. मग 200 ग्रॅम मश्रूम बारीक चिरून घाला. त्यांचं पाणी सुटेल, ते पूर्ण आटून मश्रूम पातेल्याला किंचित चिकटू लागेपर्यंत परता. ही पायरी घाईत उरकली तर पुढे चॉकलेट कितीही घाला, रस्सा पुळचटच लागतो. आठ लसूण पाकळ्या, एक सिमला मिरची, आणि वर सांगितलेला मसाला 2 मोठे चमचे. मसाला अर्धाच मिनिट परता, लगेच 500 ग्रॅम टोमॅटोचा गर. तेल कडेला दिसू लागलं की राजमा आणि त्याचं शिजलेलं पाणी, एकूण सव्वा लिटरच्या आसपास होईल इतकं. झाकण अर्धवट ठेवून 40 मिनिटं मंद आचेवर. मूठभर राजमा डावाने पातेल्यातच चिरडा.

आता 70 टक्क्यांचं चॉकलेट 15 ग्रॅम, वाटीत रश्शात विरघळवून. दहा मिनिटांनी मीठ, आणि आच बंद केल्यावर चहाचा एक चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. हा शेवटचा आंबटपणा टाळू नका, नाहीतर चॉकलेटमुळे सगळं जड वाटतं.

चिली दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते. फ्रीजमध्ये ती थिजल्यासारखी घट्ट होते, गरम करताना आधी अर्धी वाटी कढत पाणी घाला.

प्रश्न : आम्ही ओहायोत राहतो. सिनसिनाटीची चिली दालचिनी घातलेली आणि स्पॅगेटीवर वाढलेली असते. ती घरी कशी करावी? त्यातही चॉकलेट असतं का?
– एक वाचक, कोलंबस

हा पदार्थ टेक्ससच्या चिलीचा सख्खा भाऊ नव्हे. मॅसेडोनियातून आलेल्या किराजिएफ बंधूंनी 1922 मध्ये सिनसिनाटीत ‘एम्प्रेस’ नावाचं दुकान काढलं, तिथून तो पसरला. त्यातला दालचिनी-लवंगेचा वास त्यांच्याकडच्या मांसाच्या रश्शांतून आलेला. दुकानांच्या कृती गुप्त असतात. घरगुती कृतींत मात्र बिनसाखरेचं चॉकलेट किंवा कोको पावडर पुष्कळदा दिसते.

यात खिमा परतत नाहीत. 1 किलो खिमा सव्वा लिटर गार पाण्यात हाताने कुस्करून मोकळा करतात आणि मग आचेवर ठेवतात. म्हणून तो अगदी रवाळ राहतो. गरम पाण्यात टाकलात तर गोळे झालेच. त्यात किसलेला कांदा, टोमॅटोचा गर, सौम्य मिरची पूड, दालचिनी आणि ऑलस्पाइस चहाचा एकेक चमचा, लवंग पाव चमचा, व्हिनेगर 2 मोठे चमचे. ऑलस्पाइस हे एकाच झाडाचं वाळवलेलं फळ आहे, त्याऐवजी गरम मसाला नको. बिनसाखरेची कोको पावडर 2 मोठे चमचे, पण कोरडी भुरभुरवू नका, गाठी होतात. थोड्या गरम पाण्यात कालवून शेवटच्या अर्ध्या तासात घाला. अडीच-तीन तास मंद शिजवून रात्रभर फ्रीजमध्ये, आणि सकाळी वर गोठलेला चरबीचा थर काढून टाका.

वाढताना स्पॅगेटी, चिली आणि किसलेलं चेडर चीज म्हणजे तिथल्या भाषेत ‘थ्री-वे’. कांदा किंवा राजमा यांपैकी एक वाढवला की चार, दोन्ही घेतले की पाच.

प्रश्न : कोल्हापुरी तांबड्या रश्शात किंवा काळ्या मसाल्याच्या आमटीत थोडं चॉकलेट घातलं तर? मोलेत तर मिरचीबरोबर घालतातच.
– एक वाचक, कोल्हापूर

आमचं मत : नको. चॉकलेट जे काम करतं ते आपल्याकडे भाजलेलं सुकं खोबरं, करपवत आणलेला कांदा, तीळ आणि दगडफूल आधीच करत असतात. खरपूसपणावर आणखी खरपूसपणा घातला तर दगडफुलाचा वास मरतो आणि रस्सा नुसता काळपट, जिभेला जड होतो. गोव्याच्या शाकुतीलाही हेच लागू.

मोलेचं उदाहरण तर उलट याच बाजूने जातं. पुएब्लाच्या मोलेत अँचो, मुलातो, पासिया या सुक्या मिरच्या, तीळ, बदाम, मनुका, तळलेली टॉर्टिया, दालचिनी, लवंग हे सगळं भाजून-तळून वाटतात, वाटण तेलात पुन्हा परततात आणि शेवटी थोडंसं चॉकलेट. म्हणजे आपल्याच वाटणाच्या जातीचा पदार्थ. त्याला ‘चॉकलेटचा रस्सा’ म्हणणं म्हणजे तांबड्या रश्शाला खसखशीचा रस्सा म्हणण्यासारखं. ओआहाकाच्या काळ्या मोलेत मिरच्यांच्या बिया मुद्दाम काळ्याठिक्कर जाळतात. तिथल्या चॉकलेटमध्ये साखर आणि दालचिनी असते, तिचा उपयोग तो जहाल कडूपणा आवरायला होतो. आपल्या रश्शात तसं आवरण्यासारखं काही नसतं.

हात शिवशिवतच असेल, तर वाटण नसलेला पदार्थ निवडा. टोमॅटोच्या रश्शातला खिमा, किंवा वांगी-टोमॅटोची आंबटगोड भाजी. सिसिलीत कापोनाता नावाच्या वांग्याच्या भाजीत काही ठिकाणी चॉकलेट किसतात, व्हिनेगरच्या जोडीला. अर्धा किलो वांग्यांना 5 ते 8 ग्रॅम पुरे.

प्रश्न : घरात मिल्क चॉकलेट आणि ड्रिंकिंग चॉकलेट आहे. चालेल का? उरलेली चिली कुत्र्याला दिली तर?
– एक वाचक, नाशिक

दोन्ही नको. पहिल्यात दूध आणि भरपूर साखर, दुसऱ्यात तर बहुतांशी साखरच. साधी बिनसाखरेची कोको पावडर असेल तर 15 ग्रॅम चॉकलेटऐवजी तिचा एक मोठा चमचा सपाट भरून आणि चहाचा एक चमचा तेल किंवा लोणी.

कुत्र्याला अजिबात देऊ नका. चॉकलेटमधलं थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं आणि डार्क चॉकलेटमध्ये ते जास्त असतं. शिवाय चिलीतला कांदा-लसूणही त्याला बाधतो. चुकून खाल्लीच तर लक्षणं दिसायची वाट न पाहता, किती खाल्ली याचा अंदाज घेऊन लगेच पशुवैद्याला फोन करा.