बागेतले पक्षी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : गॅलरीत रोज तांदूळ-बाजरी टाकते, पण पारव्यांशिवाय कुणी फिरकत नाही. बुलबुल, शिंजीर यावेत म्हणून काय करू?

दाणे आजपासून बंद करा. उघड्यावर धान्य टाकलं की पारव्यांचा थवा जमतो आणि लहान पक्षी लांब राहतात. शिवाय पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना घातक असते, घरात दम्याचं कुणी असेल तर जास्तच. आणि तुम्हाला हवे आहेत ते पक्षी मुळात दाण्यांवर जगतच नाहीत. शिंजीर फुलातला मध पितो, बुलबुल फळं खातो, शिंपी आणि दयाळ किडे टिपतात. मोठ्या कुंडीत जास्वंद लावा. जागा असेल तर कढीपत्ता वाढू द्या आणि त्याची फळं काळी होईपर्यंत तोडू नका. बुलबुल ती आवडीने खातात.

सोबत मातीचं पसरट भांडं ठेवा. पाणी दोन बोटंच भरा, म्हणजे पक्ष्यांना अंघोळही करता येते. रोज घासून पाणी बदललंत तर डासही होणार नाहीत.

प्रश्न : लिंबाच्या रोपाची पानं अळ्या खातायत. कोणतं औषध फवारू?

कोणतंही नको, अगदी कळकळीने सांगतो. या बहुधा लिंबू फुलपाखराच्या अळ्या असतील. रोप अगदीच लहान असेल तर काही अळ्या हाताने उचलून लिंबाच्याच मोठ्या झाडावर सोडा. मधावर जगणारा शिंजीरसुद्धा पिल्लांना किडे आणि कोळीच भरवतो. फवारणी केलेल्या बागेत पिल्लांनी खायचं काय?

प्रश्न : बुलबुलाचं पिल्लू अंगणात पडलंय. घरात आणू का?

अंगावर पिसं आली असतील, शेपूट आखूड असेल आणि ते टुणटुण उड्या मारत असेल, तर ते पडलेलं नाही. बुलबुलाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर येतात आणि आईबाप त्यांना खालीच भरवतात. मांजर-कुत्र्याला आवरा आणि लांबून बघा. पिसं नसलेलं पिल्लू मात्र उचलून घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लू टाकत नाहीत. दूध, पोळी देऊ नका. चोचीत पाणीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

प्रश्न : शिंजीर स्कूटरच्या आरशावर सारखा चोच मारतो. का?

आरशात त्याला दुसरा नर दिसतो आणि तो आपली हद्द राखायला भांडतो. आरशावर कापडी पिशवी चढवा. विणीचा काळ सरला की थांबेल.