सायकल घेतलीस ना, मग आता जागा पकडायला शिक

हेल्मेट, लाईट घेतलेस ते बरंच केलंस, पण खरी गंमत रस्त्यावर कुठून चालवायची यात आहे. नवीन माणूस घाबरून एकदम डाव्या कडेला चिकटतो आणि तिथेच फसतो, कारण तिथेच खडी, चेंबरची झाकणं, राँग साईडने येणारे आणि पार्क केलेल्या गाड्या. पुण्यात कर्वे रोडला असाच एका कारच्या अचानक उघडलेल्या दारावर आदळलो होतो, खांदा महिनाभर दुखत होता. तेव्हापासून उभ्या गाडीपासून मीटरभर लांब म्हणजे लांब, मागचा हॉर्न बडवेना का.

रस्ता रुंद, सरळ दिसला की आपल्याला बरं वाटतं, पण गाडीवाल्यांनाही तेच वाटतं ना! स्पीड ३० चा ६० झाला की धडकेची एनर्जी दुप्पट नाही, चौपट होते. म्हणून शक्य तिथे मी पेठांतल्या गल्ल्या घेतो, तिथे कुणाला पळवताच येत नाही. सायकल ट्रॅकवर फार विसंबू नकोस, बऱ्याचदा तो चौकाच्या आधीच गायब होतो आणि खरा गोंधळ तर चौकातच असतो. तिथे पीएमपीएमएलच्या बसच्या डावीकडून घुसायचं नाही, ती वळली तर ड्रायव्हरला तू दिसतच नाहीस. उजवीकडे जायचंय तर आधी सरळ पलीकडे जा, थांब, त्या बाजूचा सिग्नल सुटला की निघ, एखादं मिनिट जातं, जाऊ दे.

आणि पावसाळ्यात डबक्यात चाक घालू नकोस, खाली किती खोल आहे ते पुण्यात कुणी सांगावं.