जुना रेंजफाइंडर फिल्म कॅमेरा घ्यायचाय. कोणता घ्यावा आणि वापरायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की कोल्हापुरात शाहूपुरीत एका ओळखीच्यांकडे याशिका इलेक्ट्रो ३५ पडून आहे, ऑनलाइन एक झोर्की-४ दिसतोय, आणि आजवर मोबाईल सोडून कशानेच फोटो काढलेला नाही. तर यातला कोणता घेऊ? मी राजारामपुरीत राहतो, बारा-तेरा वर्षं असलेच रेंजफाइंडर, म्हणजे दोन खिडक्यांतली चित्रं एकावर एक जुळवून फोकस करायचे कॅमेरे वापरतोय. त्यात थोडे पैसे घालवलेत आणि बरेच रोल. त्या अनुभवावरून सांगतो.

मॉडेल निवडू नका, नग निवडा. नारळ घेताना आपण झाडाची जात विचारत नाही, कानाशी धरून हलवून बघतो. इलेक्ट्रो ३५ आला १९६६ साली, त्याचं जीएसएन हे मॉडेल १९७३ चं. झोर्की-४ तर १९५६ पासूनचा. एवढ्या वर्षांत प्रत्येक नग वेगवेगळ्या कपाटात, वेगवेगळ्या पावसाळ्यात म्हातारा झालाय. कुणी 'अमुक कॅमेरा लई भारी' म्हटलं तरी तुमच्या हातात येणारा नग कसा असेल हे त्यावरून कळत नाही. माझा पहिला कॅमेरा मी नुसते फोटो बघून मागवला होता. वरून असा चकाचक की लग्नात आहेर म्हणून द्यावा. लेन्समधून टॉर्च मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. विकणाऱ्याने 'अनटेस्टेड' असं लिहिलं होतं. त्याचा अर्थ आता मला कळतो: टेस्ट केलाय, चालत नाही.

म्हणून आधी शाहूपुरीला जा, कारण तो हातात धरता येईल. जाताना ६ व्होल्टची ४एलआर४४ बॅटरी आणि स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल न्या. याची मूळ बॅटरी ५.६ व्होल्टची, पाऱ्याची होती. ती आता मिळत नाही. नवी आकाराने लहान आहे, म्हणून उरलेल्या जागेत फॉइलचा बोळा कोंबायचा. तपासण्यापुरतं चालतं. मागचं बटण दाबल्यावर हिरवा दिवा लागला की निम्मं काम झालं. मग लिव्हर (फिल्म पुढे सरकवायचा दांडा) ओढा आणि कान देऊन ऐका. ओढताना आतून 'ठक्' असा आवाज यायला हवा. नाही आला तर आतला एक छोटा रबरी पॅड झिजून गेलाय असं समजा. या कॅमेऱ्यांचं हे वयोमानाचं ठरलेलं दुखणं आहे. दुरुस्त होतं, पण उघडावा लागतो, तेव्हा किंमत त्या हिशोबाने बोला.

आता मागचं झाकण उघडा, अ‍ॅपर्चर १.७ वर ठेवा (म्हणजे लेन्समधलं उजेड येणारं भोक पूर्ण मोठं; आकडा वाढला की भोक लहान), खिडकीकडे धरून शटर दाबा. पापणी लवावी तसं झटकन उघडून मिटलं पाहिजे. मग अ‍ॅपर्चर १६ करून खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे धरा. आता शटर बराच वेळ उघडं राहायला हवं आणि पिवळा बाण दिसायला हवा. दोन्ही वेळा सारखंच 'खट्' झालं तर सर्किट गेलेलं आहे किंवा बॅटरी लागत नाहीये. इलेक्ट्रोची खरी गोम इथेच आहे. बॅटरी नसली तरी तो शटर मारतो, पण दर वेळी सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या वेगाने. घरातल्या बारशाचा अख्खा रोल जवळजवळ कोरा निघतो.

फॉइलचा बोळा मात्र कायमचा ठेवू नका. मी शेवटी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे इंजिनाच्या पार्टांचा ढीग, आणि मी मागतोय बॅटरीएवढी नायलॉनची नळी आणि टोकाला पितळेचा तुकडा. "किती नग?" म्हणाला. एक. "एका नगासाठी मशीन लावू व्हय?" मग त्याने कॅमेरा हातात घेतला, दोनदा लिव्हर ओढून शटर मारलं, पोराला चहा सांगितला आणि दहा मिनिटांत नळी कापून दिली. पैसे विचारले तर "फोटो काढा एक" म्हणाला. त्याचा लेथवरचा फोटो अजून त्याच्या भिंतीवर आहे.

झोर्कीचं म्हणाल तर तो मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातला, पूर्ण यांत्रिक, बॅटरीची भानगडच नाही. बहुतेक वेळा सोबत ज्युपिटर-८ ही ५० मिलिमीटरची लेन्स येते आणि ती गोड आहे. पण दोन गोष्टी पाळाव्या लागतात. शटरचा वेग नेहमी फिल्म पुढे नेणारी चकती फिरवल्यानंतरच बदलायचा, आधी बदललात तर आतले दाते बिघडू शकतात. आणि लेन्स सूर्याकडे तोंड करून उघडी ठेवायची नाही. याचं शटर कापडी पडद्याचं आहे आणि मध्ये आरसा नाही, त्यामुळे भिंगाने कागद जाळतो तसं पडद्याला भोक पडतं. शिवाय फोटोच्या चौकटीची रेघ नाही आणि उजेड मोजणारा मीटरही नाही. पहिला कॅमेरा म्हणून, तोही न बघता ऑनलाइन, मी घेणार नाही. दुसरा म्हणून जरूर घ्या. चष्मा असेल तर त्याच्या डोळ्याच्या खिडकीला नंबर लावता येतो, ही एक फार माणुसकीची सोय आहे.

कुठे कॅननचा कॅनोनेट क्यूएल१७ जी-३ दिसला आणि शटरची पाती चिकटलेली नसली, तर या दोघांनाही सोडा आणि तो उचला. बॅटरीशिवाय सगळे वेग चालतात, मीटर नसला तरी काम अडत नाही. लायकाबद्दल मला विचारू नका, तेवढ्या पैशांत गाडी येते.

आता वापर. रेंजफाइंडरमध्ये तुम्ही लेन्समधून बघत नसता, वरच्या खिडकीतून बघता. मधोमध एक पिवळसर ठिपका असतो, त्यात दुसऱ्या छोट्या खिडकीतलं चित्र येऊन पडतं. लेन्सची रिंग फिरवली की ते दुसरं चित्र आडवं सरकतं आणि दोन्ही एकावर एक बसली की फोकस झाला. चित्र आडवं सरकत असल्यामुळे ठिपका उभ्या, ठळक कडेवर ठेवावा लागतो. हे मला एका तालमीत कळलं. पहाटेचा जोर चालू, पैलवान लाल मातीने माखलेले, झरोक्यातून येईल तेवढाच उजेड. पाठीवर ठिपका ठेवला तर माती-मातीत काहीच दिसेना. पोट, खांदा, सगळीकडे तेच. शेवटी मोडलेल्या कानावर ठेवला. त्या कानाच्या घडीची कड इतकी स्वच्छ की दोन कानांचा एक कान झाला तो क्षण अजून आठवतो. आयएसओ ४०० चा रोल (आकडा मोठा तितका कमी उजेडात चालतो), अ‍ॅपर्चर २, सेकंदाचा तिसावा भाग. एसएलआर कॅमेऱ्यासारखा आत आरसा आपटत नाही म्हणून हात हलत नाही, आणि पानाच्या (लेन्समधल्या पात्यांच्या) शटरचा आवाज इतका बारीक की वस्तादांनी मान वळवली नाही.

ठिपका खरं बोलतो का, हेही घेण्याआधी बघा. रंकाळ्याच्या अलीकडच्या काठावर उभे राहून पलीकडच्या शालिनी पॅलेसच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर ठिपका धरा आणि रिंग अनंताच्या खुणेपर्यंत फिरवा. दोन मनोरे अगदी एक व्हायला हवेत. एक वर, एक खाली असं दिसत असेल तर तेही बिघडलेलंच. जवळच्या फोकससाठी घरात टेप लावून एक मीटरवर काडेपेटी ठेवा.

टोपीबद्दल सांगायलाच हवं. लेन्सवर टोपी असली तरी खिडकीतून सगळं छान दिसतं. पन्हाळ्यावर तीन दरवाजा, अंधारबाव, धुकं, असा अर्धा रोल मी टोपी लावून काढला. इलेक्ट्रोचा प्रकाश मोजणारा डोळा लेन्समध्ये नाही, अंगावर वर आहे, त्यामुळे तो बिचारा बरोबर मोजत होता. कॅनोनेटमध्ये तो डोळा लेन्सच्या कड्यातच आहे, टोपी राहिली तर ऑटोवर शटर अडतं. मी आता टोपी घरीच ठेवतो आणि पुढे एक साधा यूव्ही फिल्टर लावतो. (झोर्कीवाल्यांनी हे करू नये, भोक आठवा.)

वेग हाताने लावता येणाऱ्या कॅमेऱ्यात (झोर्की, कॅनोनेट) मीटर नसला किंवा बंद असला तरी घाबरू नका. भर उन्हात पंचगंगेच्या घाटावर २०० च्या रोलला अ‍ॅपर्चर १६ आणि वेग सेकंदाचा अडीचशेवा भाग, ढग आले की ८ किंवा ५.६. रंगीत निगेटिव्हला उजेड जास्त झालेला चालतो, कमी झालेला चालत नाही, म्हणून शंका आली की एक घर जास्त उजेड द्या (१६ ऐवजी ११). रोल भरल्यावर लिव्हर ओढताना डावीकडची गुंडाळायची चकती फिरतेय का हे प्रत्येक वेळी बघा. फिरत नसेल तर रोल अडकलेलाच नाही आणि तुम्ही हवेत फोटो काढताय. पहिला रोल ताजाच घ्या. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे जुने 'इंदू' रोल कुणी आठवण म्हणून देईल, ते शोकेसमध्ये ठेवा. फोटो बिघडला तर रोलमुळे की कॅमेऱ्यामुळे, हे कळायला हवं.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात कॅमेरा त्याच्या चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि आठवड्यातून एकदा काढून चारदोनदा शटर मारा.

धुलाईसाठी मी रंगीत रोल कुरिअरने पुण्याला पाठवतो. ब्लॅक अँड व्हाइट घरी धुतो: एचपी५ रोल, डी-७६ डेव्हलपर (धुण्याचं रसायन), २० अंशाला साडेसात मिनिटं. मे महिन्यात नळाचं पाणी २० अंशांवर आणायला बर्फ लागतो आणि आमच्याकडे त्यावरून दरवर्षी भांडण होतं. लॅबला रोल पाठवताना पाकिटावर 'निगेटिव्ह परत पाठवणे' असं ठळक लिहा, नाहीतर कधीकधी नुसते स्कॅन मेलवर येतात.