आठवीच्या आधी जॉमेट्री उरकावी का?

प्रश्न : आम्ही व्हर्जिनियात हर्नडनला राहतो. मुलगा सातवीत आहे. अल्जिब्रा वन चालू आहे, ग्रेड ए. त्याला थॉमस जेफरसन हायस्कूलला, म्हणजे इथल्या निवडून प्रवेश देणाऱ्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी शाळेला, अर्ज करायचाय. ओळखीतले सगळे म्हणतात, जॉमेट्री सुट्टीतच उरका, म्हणजे आठवीत अल्जिब्रा टू घेता येईल, नाहीतर तिथे निभाव लागणार नाही. गृहपाठ तो भराभर करतो, पण शाब्दिक उदाहरण आलं की पेन खाली ठेवतो. काय करावं?
– एक आई

उत्तर : ताई, पेन खाली ठेवतो हीच तुमच्या पत्रातली खरी अडचण आहे, आणि सुट्टीतल्या जॉमेट्रीने ती सुटणार नाही.

अर्जासाठी आठवीत अल्जिब्रा वन किंवा त्यापुढचं गणित असावं लागतं. तुमचा मुलगा तर तेव्हा जॉमेट्रीत असेल. प्रवेशपरीक्षा २०२० च्या अखेरीस रद्द झाली. आता गुण पाहतात, मुलाने स्वतःबद्दल लिहिलेलं वाचतात आणि एक प्रश्न सोडवून त्यावर निबंध लिहायला लावतात. आत गेल्यावर मात्र वेग फार आहे, कॅल्क्युलस सगळ्यांनाच करावं लागतं. माझ्याकडे कॅल्क्युलससाठी येणारी मुलं बहुतेक वेळा अडतात ती अपूर्णांकांत आणि वजा चिन्हांत.

एखाद्या शनिवारी त्याला विचारा : क्ष² + ९ याचं वर्गमूळ काय? बरीच हुशार मुलं पटकन ‘क्ष + ३’ म्हणतात. तोही म्हणाला तर ‘चूक’ म्हणू नका. क्षच्या जागी ४ घालायला सांगा. १६ आणि ९ मिळून २५, वर्गमूळ ५. त्याच्या उत्तराने येतात ७. आता तो काय करतो ते बघा. ‘बरं, चुकलं’ म्हणून पान उलटलं, तर अजून काम बाकी आहे. ‘मग हे कधीच जुळत नाही का?’ असं विचारून क्ष शून्य असतानाच जुळतं इथवर स्वतः पोचला, तर त्या शाळेला लागणारी तयारी त्याच्यात आहे. मला अशा मुलाची काळजी वाटत नाही, त्याची जॉमेट्री झालेली असो वा नसो.

मग दुसरं. ७२ मधून २७ वजा केले की ४५, त्याला ९ ने भाग जातो. कुठल्याही दोन अंकी संख्येचे अंक उलटे करून वजाबाकी केली तरी भाग जातो. का? १०अ + ब (अ दशकाचा अंक, ब एककाचा) अशी मांडणी त्याची त्याला सुचू द्या, दोन दिवस लागले तरी चालतील. नंतर तेच चार-पाच वाक्यांत लिहून काढायला लावा, धाकट्या भावंडाला कळेल असं. निबंधात हेच लागतं, आणि आपली मुलं इथेच कमी पडतात, कारण घरी आपण उत्तर बरोबर आलं की वही मिटतो.

आठवड्याला असे दोन प्रश्न पुरेत. मेपर्यंत तो न सांगता कागद ओढायला लागला आणि जॉमेट्री त्यालाच हवी असेल, तर खुशाल नाव घाला. नाहीतर आठवीत वर्षभर करू द्या. सिद्धता लिहायला सवड लागते, आणि सुट्टीतल्या वर्गात नेमकी तीच मिळत नाही.