आईची नवी डोकेदुखी पित्तावर ढकलू नका

ताई, आईंचं वय ५८, आजवर डोकेदुखीची तक्रार नाही आणि गेले तीन आठवडे पहाटे डोकं दुखून जाग येते, असं तुम्ही लिहिलंय. घरचे पित्त म्हणतात, तुम्ही एमआरआयचं विचारताय. माझं म्हणणं, एक-दोन दिवसांतच फिजिशियनला दाखवा. स्कॅन करायचा का आणि कुठला, ते त्यांना ठरवू द्या.

मी पालिकेच्या रुग्णालयात मेंदूविकार वॉर्डात सिस्टर होते. दुखणं किती, यावरच सगळे जातात. अर्धशिशी माणसाला ४ ते ७२ तास आडवं पाडते, उलट्या होतात, तरी वर्षानुवर्षं ती तशीच येत असेल तर सहसा धोका नसतो. उलट मेंदूतली गाठ सुरुवातीला जेमतेम दुखते. पन्नाशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेली डोकेदुखी मात्र तपासायचीच. त्यात ती पहाटे, आडवं पडल्यावर किंवा खोकताना वाढत असेल, तर डोक्यातला दाब वाढलाय का हे बघावं लागतं. त्यासाठी थेंब टाकून डोळ्याचा पडदा तपासतात. नंतर काही तास धूसर दिसतं, आईंना लोकलने एकट्या पाठवू नका.

त्यांना विचारा, चावताना जबडा दुखतो का? केस विंचरताना डोकं हुळहुळतं का? तसं असेल तर कानशिलाच्या रक्तवाहिनीला सूज असू शकते. आपल्याकडे हे कमी दिसतं, पण त्यात दृष्टी जाऊ शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर आणि ईएसआर, म्हणजे सूज दाखवणारी रक्ततपासणी. संध्याकाळी कणकण येते का, वजन उतरलंय का, तेही विचारा. क्षयाच्या मेंदूज्वरात डोकं असंच आठवडेच्या आठवडे दुखत राहतं आणि मुंबईत तो विसरून चालत नाही. महिना-दोन महिन्यांपूर्वी डोक्याला मार लागला असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांनी न विचारताही सांगा.

मिनिटभरात टोकाला गेलेली डोकेदुखी, तोंड वाकडं होणं, जीभ अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, फिट, गुंगी, तापाबरोबर मान ताठरणं, यातलं काहीही दिसलं तर ओपीडीची वाट बघायची नाही. १०८ला फोन करा, नाहीतर टॅक्सीने केईएम, सायन, नायर, जे जवळ असेल तिथल्या कॅज्युअल्टीत न्या.

वेदनाशामक गोळी आठवड्यातून किती वेळा घेतात, ते तारखांसकट लिहून न्या. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळीनेच डोकं दुखत राहू शकतं. तीन आठवड्यांत ते कारण बसत नाही, पण डॉक्टर विचारतीलच.