ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक: वायरिंगला हात घालण्याआधी

काम वाटतं तितकं अवघड नाही, नक्की जमेल तुम्हाला. फक्त आधी ट्रकचा व्होल्टेज बघा. बरेच जड ट्रक २४ व्होल्टचे असतात आणि ट्रेलरच्या ब्रेकमधले मॅग्नेट सहसा १२ व्होल्टचे. थेट जोडलेत तर तापून जळतील.

- कंट्रोलरला (ट्रकमधून ट्रेलरच्या ब्रेकला करंट सोडणारं यंत्र) ट्रकच्या बॅटरीवरून स्वतंत्र वायर आणा, बॅटरीजवळच सर्किट ब्रेकर लावून. एक मॅग्नेट साधारण ३ अँपिअर घेतो. दोन अ‍ॅक्सलचे चार म्हणजे १२. लाइटच्या बारीक वायरीतून एवढा करंट ओढू नका.
- अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाट! नवखे बहुतेक इथेच अडकतात. ट्रेलर ट्रकला अडकवलाय म्हणजे अर्थिंग झालं, असं नसतं. सांध्यात गंज आणि ग्रीस असतो, मग ब्रेक कधी लागतो, कधी नाही, आणि माणूस कंट्रोलर बदलत बसतो. अर्थिंगची जाड वायर ट्रक आणि ट्रेलर जोडणाऱ्या प्लगमधूनच न्या.
- ब्रेकअवे स्विच आणि त्याची ट्रेलरवरची बॅटरी कधीच टाळू नका. धावता ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक त्यावरच लागतात.

वायरच्या रंगावर विसंबू नका, मल्टिमीटर लावून प्रत्येक पिन तपासा. ब्रेकचा जोर किती ठेवायचा ते नंतर बघू, आधी एवढं पक्कं करा.